लॅपटॉपवर चालतं, कारखान्यात अडतं : सी लायब्ररीचं दरवर्षीचं दुखणं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. सी मध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे. तुमच्या उबुंटूवर वर्षभर बिनतक्रार चाललाय. तोच दुसऱ्या यंत्रावर नेला की तो कंपाइलच होत नाही. किंवा होतो, पण सुरू केल्या केल्या सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत भलत्या जागी हात घातल्याचा एरर) देऊन पडतो. किंवा सगळं सुरळीत चालतं आणि उत्तर मात्र वेगळं येतं. तुम्ही एक जागा दुरुस्त करता, चार महिने शांततेत जातात, मग नवं यंत्र येतं आणि पुन्हा तेच. फक्त या वेळी फंक्शन दुसरं असतं.

आमच्याकडे हे दुखणं दरवर्षी उठतं आणि त्याला कारण हवामान आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात मी लिहिलेला काटानोंदीचा प्रोग्रॅम चालतो. बी फोडणाऱ्या आणि गर सोलणाऱ्या बायकांनी दिवसभरात किती किलो काम केलं ते डिजिटल काट्यावरून केबलने येतं, प्रोग्रॅम ते फाईलमध्ये उतरवतो आणि शनिवारी हिशेबाची यादी काढतो. हे सगळं चालतं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलेल्या एका राउटरवर, कारण राउटर बारा व्होल्टच्या बॅटरीवर निघतो आणि लाईट गेली तरी काटा थांबत नाही. पण खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि टरफलाच्या तेलाची वाफ, या तिघांपुढे कुठलाच राउटर फार टिकत नाही. पोर्टांवर हिरवट गंज चढतो आणि वर्षा-दोन वर्षांत, कुडाळच्या बाजारात त्या आठवड्यात जो असेल तो, नवा राउटर येतो. आतला प्रोसेसर कधी मिप्स, कधी ३२ बिटांचा एआरएम, आता ६४ बिटांचा. पोर्टेबल सॉफ्टवेअर हा कुणाचा शौक असेल. आम्हाला ते मिठापायी लिहावं लागतं.

(फंक्शनांची नावं आम्ही फोनवर एकमेकांना सांगतो तशीच खाली लिहिली आहेत. अंडरस्कोर कुठे ते तुम्हाला माहीत आहेच.)

मूळ कुठे आहे

प्रोसेसरला दोष देऊन मी पहिली दोन वर्षं वाया घालवली. दोष बहुतेक वेळा सी लायब्ररीत (प्रिंटएफसारखी तयार फंक्शनं पुरवणाऱ्या साठ्यात) सापडतो, म्हणजे खरं तर आपण तिच्याबद्दल धरून चाललेल्या गोष्टींत. उबुंटूवर ग्लिबसी असते. ओपनडब्ल्यूआरटीने २०१५ मध्ये मसल ही लायब्ररी घेतली, अल्पाइन लिनक्सने ती २०१४ मध्येच घेतली होती. मॅकवर बीएसडी घराण्यातली तिसरीच. तिघींत प्रिंटएफ आहे, तिघींत मेमरी मागायचं मॅलॉक आहे, म्हणून आपण धरून चालतो की तिघी एकच.

काजूवाल्याला हे एका वाक्यात समजतं. डब्ल्यू-३२० म्हटलं की पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. वेंगुर्ल्यात भरलेला डबा मुंबईत न फोडता विकला जातो, कारण त्या आकड्याचा अर्थ ठरलेला आहे. डब्यावर नुसतं ‘स्पेशल मोठा’ लिहिलेलं असेल तर मात्र फोडूनच बघावा लागतो. सी चं आयएसओ मानक आणि त्याच्यावर उभं असलेलं पॉसिक्स (युनिक्स घराण्याचं मानक) हे ग्रेडचे आकडे. बाकी सगळा माल स्पेशल मोठा.

आपण कुठला माल वापरतोय ते बघायची जागा म्हणजे मॅन पानाचा (फंक्शनच्या माहितीपानाचा) तळ. तिथे ‘स्टँडर्ड्स’ नावाचा भाग असतो. त्यात ‘जीएनयू’ किंवा ‘बीएसडी’ एवढंच लिहिलेलं असेल तर सावध व्हायचं. आपण सगळे वरचं उदाहरण उचलतो आणि तळापर्यंत जात नाही, मीही गेलो नव्हतो.

नसलेलं फंक्शन: हे सोपं

एरर-डॉट-एच ही हेडर फाईल (फंक्शनांच्या घोषणांची फाईल) ग्लिबसीत आहे, मसलमध्ये नाही. बॅकट्रेससाठी लागणारी एक्झेकइन्फो-डॉट-एच नाही, फाईलींचं झाड फिरायची एफटीएस-डॉट-एच नाही. कंपाइलर पहिल्याच ओळीत ओरडतो, तुम्ही दहा ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहिता किंवा ती सोय काढून टाकता, विषय संपला. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. जे नाही ते नाही म्हणून सांगतं. त्रास देतं ते असलेलं.

वॉर्निंग देऊन पडणारं

ही केस उलटी आहे. राउटरवर नीट, लॅपटॉपवर कोसळतं. काट्याच्या प्रत्येक ओळीत आधी तारीख-वेळ, मग कामगार क्रमांक, मग वजन. स्ट्रपीटाइम तारीख वाचतं आणि ती जिथे संपली तिथला पत्ता परत देतं. मी त्या पत्त्यापासून पुढे क्रमांक आणि वजन वाचत होतो. माझ्या जुन्या ३२ बिटांच्या लॅपटॉपवर हे व्यवस्थित चाललं. नवा घेतला आणि पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम आडवा.

कारण असं: ग्लिबसी स्ट्रपीटाइमची घोषणा एक्सओपन-सोर्स हा मॅक्रो (कंपाइलरसाठीची खूण) आधी लिहिल्याशिवाय दाखवतच नाही. मसल मात्र काही न सांगता दाखवते. घोषणा दिसली नाही की जुना जीसीसी कंपाइलर समजतो की हे फंक्शन इंट (पूर्णांक) परत देतं, एक वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. ३२ बिटांवर इंट आणि पत्ता एकाच मापाचे, म्हणून चूक झाकली गेली. ६४ बिटांवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला गेला आणि उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर पत्र टाकायला मी निघालो. घोषणेशिवाय फंक्शन वापरायची मुभा सी च्या मानकाने १९९९ मध्येच काढली होती. जीसीसीने ती चूक म्हणून अडवायला २०२४ मधली १४ वी आवृत्ती यावी लागली. तुमच्याकडे त्याआधीचा कंपाइलर असेल तर ही एक वॉर्निंग एरर मानायचा पर्याय आजच लावा.

उपाय: पहिल्या इन्क्लूडच्या आधी एक्सओपन-सोर्स ७०० लिहायचं. ‘पहिल्या’ हा शब्द महत्त्वाचा. एक जरी हेडर आधी वाचलं गेलं तर गाडी सुटली, मग मॅक्रो लिहून उपयोग नाही.

हे केल्यावर माझं टाइमजीएम (तारखेचे सेकंद करणारं, बीएसडीकडचं) गायब झालं! मॅक्रो काहीच लिहिला नसेल तर ग्लिबसी आपणहून डीफॉल्ट-सोर्स धरते आणि बीएसडीकडचा बराच माल उघडा ठेवते. तुम्ही एक्सओपन-सोर्स असं स्पष्ट मागितलंत की ती म्हणते, बरं, मग तेवढंच घ्या. मसलचंही साधारण हेच. तेव्हा दोन्ही मॅक्रो सोबत लिहायचे, आणि प्रत्येक फाईलमध्ये वेगवेगळे न लिहिता मेकफाईलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाईलमध्ये) एकदाच. वीस फाईलींत वीस प्रकारे लिहिलेले मॅक्रो म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

नाव तेच, माल वेगळा

एका पावसाळ्यात काट्याची केबल सैल झाली होती. प्रोग्रॅमने नोंदवहीत कारण लिहायला हवं होतं. तिथे कंसात ‘नल’ एवढंच. तीन दिवस मी केबल सोडून बाकी सगळं तपासत होतो.

एररच्या क्रमांकावरून तिचा मजकूर देणारी, स्ट्रएरर-आर या एकाच नावाची दोन फंक्शनं जगात आहेत. पॉसिक्सचं फंक्शन इंट परत देतं आणि मजकूर तुम्ही दिलेल्या बफरमध्ये (मेमरीतल्या जागेत) भरतं. ग्लिबसीचं जीएनयू रूप मजकुराचा पत्ता परत देतं, आणि तुमच्या बफरला ते हात लावेलच असं नाही. बऱ्याचदा ते आपल्याकडच्या तयार मजकुराचाच पत्ता देऊन मोकळं होतं. मी परत आलेली किंमत थेट छापत होतो. लॅपटॉपवर ते बरोबर. मसलमध्ये फक्त पॉसिक्सचं रूप आहे. ते यशस्वी झालं, शून्य परत दिलं, आणि प्रिंटएफने शून्य पत्ता म्हणून ‘नल’ छापलं. यशाचा शून्य अपयशासारखा दिसत होता.

मग मी शहाणपणा केला आणि परत आलेली किंमत सोडून बफर छापायला लागलो. राउटरवर दुरुस्त, लॅपटॉपवर बफर रिकामा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

यात खरी खोच वेगळी आहे. लॅपटॉपवर मला जीएनयू रूप मिळालं कशामुळे? दुसऱ्याच एका कामासाठी, एएस-प्रिंटएफ हवं म्हणून, मी जीएनयू-सोर्स हा मॅक्रो लावला होता. म्हणजे एका फंक्शनसाठी दाबलेल्या बटणाने भलत्याच फंक्शनची सही (ते काय घेतं, काय परत देतं) बदलली. सी++ मध्ये तर जी++ हा मॅक्रो लिनक्सवर न विचारता लावतो. फाईलच्या पूर्ण वाटेतून शेवटचं नाव काढणाऱ्या बेसनेमचंही असंच: जीएनयू-सोर्स लावून स्ट्रिंग-डॉट-एच मधून आलेलं बेसनेम मूळ मजकूर बदलत नाही, आणि शेवटी तिरकी रेघ असेल तर रिकामा मजकूर देतं, लिबजेन-डॉट-एच मधलं पॉसिक्सचं बेसनेम मूळ मजकुरात फेरफार करू शकतं.

माझा टिकलेला उपाय: स्ट्रएरर-आर साठी एक वेगळी छोटी फाईल. तिच्यात जीएनयू-सोर्स येणार नाही याची काळजी घ्यायची, वर पॉसिक्स-सी-सोर्स २००११२ लिहायचं, आणि आत एकच फंक्शन, स्वतःच्या नावाचं, जे पॉसिक्स रूप बोलावून मजकूर देतं. बाकीचा प्रोग्रॅम या आपल्या फंक्शनलाच हाक मारतो. त्याला खालचं नाव माहीतसुद्धा नसतं. तिन्ही लायब्ऱ्यांवर हे तसंच्या तसं कंपाइल होतं, एकही इफडेफ (‘हे यंत्र असेल तर’ अशी अट) न लावता.

सगळ्यात गुपचूप: कुणी न दिलेलं वचन

ही केस ज्या शनिवारी झाली त्या दिवशी मी कारखान्यातच होतो, म्हणून कळली तरी.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लागते. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो, त्यामुळे दोघी-तिघींचं वजन अगदी सारखं येणं रोजचं. कारकुनाने माझ्या लॅपटॉपवरून छापलेली यादी समोर ठेवून पगाराची पाकिटं ओळीने लावली होती. वाटप करताना नावं पुकारली राउटरच्या यादीवरून. वजन सारखं, पण एकीने उचल घेतलेली आणि दुसरीने नाही. पाकिटं बदलली गेली. मावशींनी पैसे मोजले आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या: “काल कागदार माझा नाव वर होता, आज खाली कित्याक?”

मला उत्तर देता आलं नाही. डेटा तोच, प्रोग्रॅम तोच, क्रम लावणारं क्यूसॉर्ट तेच.

घरी येऊन बघितलं. ग्लिबसीचं क्यूसॉर्ट, तात्पुरती मेमरी पुरत असेल तोवर, आतून मर्जसॉर्ट वापरतं. मर्जसॉर्टमध्ये सारख्या किमतीचे दोन घटक ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने राहतात. माझी मूळ यादी हजेरीच्या क्रमाने असायची, त्यामुळे बरोबरीत हजेरीचा क्रम आपोआप टिकत होता. मसलमध्ये स्मूथसॉर्ट आहे. ते तसा क्रम राखत नाही. आणि राखायला बांधीलही नाही, कारण मानक स्पष्ट सांगतं की सारख्या घटकांचा क्रम अनिश्चित. ग्लिबसीनेही वचन दिलेलं नव्हतं. ती सवय होती, मी तिला नियम समजलो.

दुरुस्ती एका ओळीची: तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये वजन सारखं निघालं तर हजेरी क्रमांक बघायचा. म्हणजे ‘सारखे’ असे दोन घटक उरतच नाहीत आणि आत कुठलंही सॉर्ट असो, यादी एकच. ही ओळ मी आता प्रत्येक सॉर्टमध्ये डोळे मिटून लिहितो.

याच जातीचं दुसरं उदाहरण थोडक्यात. ग्लिबसीचं साधं गेटऑप्ट (कमांडमागचे पर्याय वाचणारं) फाईलच्या नावानंतर आलेले पर्यायही उचलून पुढे आणतं. मसलचं आणि बीएसडीचं पहिल्या फाईलनावाशी थांबतं. कारकून आधी फाईलचं नाव टाइप करायचा आणि मग आठवड्याचा पर्याय, त्यामुळे राउटरवर तो पर्याय मुकाट्याने सोडला जाई. तिसरं: थ्रेडला (प्रोग्रॅमच्या समांतर धाग्याला) ग्लिबसीकडे स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) बहुधा ८ एमबी मिळतो, मसलकडे १२८ केबी. फंक्शनच्या आत मोठा ॲरे घोषित केला असेल तर तो थ्रेड राउटरवर पडणार. एक तर ॲरे मॅलॉकने घ्या, नाही तर थ्रेड बनवताना स्टॅकचं माप स्वतः सांगा.

मॅकवाल्या भाच्यासाठी

क्यूसॉर्ट-आर (तुलनेच्या फंक्शनला संदर्भ पोचवणारं क्यूसॉर्ट) वापरू नको. ग्लिबसीत संदर्भाचा पॉइंटर शेवटी येतो, मॅकवर तुलनेच्या फंक्शनच्या आधी, आणि तुलनेच्या फंक्शनच्या आतही पहिला. २०२४ च्या पॉसिक्सने ग्लिबसीचा क्रम घेतला आणि फ्रीबीएसडीने १४ व्या आवृत्तीत तिकडे उडी मारली, म्हणजे आता बीएसडी म्हटलं तरी कुठला क्रम ते सांगता येत नाही. संदर्भ घटकाच्या स्ट्रक्टमध्येच ठेव आणि साधं क्यूसॉर्ट वापर.

यंत्राचं नाव विचारू नका

पहिल्या वर्षी मी जागोजागी ‘लिनक्स असेल तर हे, नाही तर ते’ अशा अटी लिहिल्या. पण राउटरवरही लिनक्सच आहे. मग ‘ग्लिबसी असेल तर’ असं लिहिलं. जुनी यूसीलिबसी स्वतःला ग्लिबसी म्हणवणारा मॅक्रोही लावते, त्यामुळे तेही फसलं. मसलला ओळखायचा मॅक्रो शोधला तर तो नाहीच. तिच्या लेखकांनी तो मुद्दाम ठेवलेला नाही. तेव्हा राग आला होता. आता पटतं, कारण असता तर मी आणखी पन्नास अटी लिहिल्या असत्या आणि मसलच्या पुढच्या आवृत्तीत त्यातल्या दहा खोट्या ठरल्या असत्या.

विचारायचं ते फंक्शनबद्दल: तू आहेस का, आणि तुझी सही अशीच आहे का? बांधणीच्या सुरुवातीला पाच ओळींचा चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून बघायचा. यात दोन खड्डे आहेत. एक, चाचणी नुसती लिंक होते का एवढीच नसावी, हेडरसकट असावी. सीमेक या बांधणीच्या साधनातलं ‘चेक फंक्शन एक्झिस्ट्स’ फक्त लिंक करून बघतं, स्ट्रपीटाइमसारख्या केसमध्ये ते खुशाल ‘आहे’ म्हणेल. ‘चेक सिम्बॉल एक्झिस्ट्स’ वापरा. दोन, चाचणी चालवून बघायची गरज पडता कामा नये, कारण आपण लॅपटॉपवर बसून राउटरसाठी कंपाइल करतोय, तिथला प्रोग्रॅम इथे चालणार नाही. ऑटोकॉन्फ या तशाच दुसऱ्या साधनाची मॅलॉकची तपासणी इथेच अडखळते: चालवून बघता आलं नाही की ती मॅलॉक बिघडलेलं धरू शकते आणि मग लिंक करताना ‘आरपीएल-मॅलॉक सापडत नाही’ असा चमत्कारिक एरर येतो. असं फंक्शन तुम्ही कधी लिहिलेलंच नसतं. त्याच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ‘मॅलॉक शून्य नॉनल’ या नोंदीचं उत्तर ‘हो’ म्हणून आधीच द्या, नाही तर ती तपासणी काढूनच टाका.

नसलेल्या फंक्शनची आपली प्रत लिहाल तेव्हा तिला नाव आपलं द्या. स्ट्रएलकॉपी (मजकूर मापात कॉपी करणारं) ओपनबीएसडीमध्ये १९९८ पासून आहे, ग्लिबसीने ते वर्षानुवर्षं नाकारलं, म्हणून कित्येकांनी त्याच नावाने आपापलं लिहून ठेवलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लिबसी २.३८ मध्ये ते आलं आणि माझ्या स्टॅटिक स्ट्रएलकॉपीची हेडरमधल्या घोषणेशी टक्कर झाली. काहीही न बदलता प्रोग्रॅम कंपाइल व्हायचा थांबला. आता माझ्या सगळ्या प्रती ‘काटा’ या उपसर्गाने सुरू होतात आणि एकाच फाईलमध्ये राहतात.

राउटर हातात नसताना तपासणी

उबुंटूवर मसल-टूल्स हे पॅकेज टाका, मसल-जीसीसी मिळेल. अर्ध्या तक्रारी तिथेच बाहेर येतात. उरलेल्यांसाठी अल्पाइनच्या कंटेनरमध्ये कंपाइल करून तोच डेटा दोन्हीकडे चालवा आणि आलेल्या दोन याद्या फरक दाखवणाऱ्या डिफला द्या. पाकिटांची केस यात पाच मिनिटांत सापडली असती. गेटऑप्टसाठी तर काहीच टाकायला नको: पॉसिक्सली-करेक्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की ग्लिबसीचं गेटऑप्टही पहिल्या फाईलनावाशी थांबतं. आणि घोषणा नसणं, प्रिंटएफच्या फॉरमॅटचा घोळ, न जुळणारे पॉइंटर, या तीन वॉर्निंगा एरर करून ठेवा. माझ्या ‘नल’ची वॉर्निंग कंपाइलरने दिली होती. ती स्क्रीनवरून वर सरकून गेली आणि मी चहा प्यायला उठलो होतो.

अजून न सुटलेलं

कारकुनाला महिन्याची यादी नावाच्या क्रमाने लागते. ग्लिबसीवर मराठी लोकेल (भाषेचे नियम) लावून, त्या क्रमाने शब्द ताडणारं स्ट्रकोल वापरता येतं. मसलचं स्ट्रकोल लोकेल काहीही असो, नुसते बाइट बघतं, म्हणजे युनिकोडचा क्रम. त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून येतो, त्यामुळे वाळके वासकरांच्या आधी, शाळेतल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर. आणि हलन्ताचं चिन्ह सगळ्या मात्रांच्या नंतर असल्याने क्षमा ही कौसल्याच्या खाली जाऊन बसते. शेवटी वर्णमालेचं एक कोष्टक मी स्वतःच प्रोग्रॅममध्ये लिहिलं, लायब्ररीला विचारणं बंद केलं, आणि दोन्ही यंत्रांवर यादी एक झाली. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात, यावर मात्र कारकुनाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.